जावयाची परीक्षा

“आमच्या ऑक्सिजनच्या मशीनमधून घरघर येतेय,” आईने फोनवर खोटीच तक्रार सांगितली आणि मीटिंगच्या खोलीतल्या सगळ्यांनी समोरच्या मोठ्या पडद्याकडे माना वळवल्या.

पलीकडून माणूस बोलत नव्हता. बोलत होता तो तिच्याच लेकीने दोन वर्षं खपून तयार केलेला एआय एजंट. फिल्टर शेवटचा कधी बदलला ते त्याने सांगितलं, जवळचा मेकॅनिक गाठला, त्याची वेळ ठरवली आणि एक बदली मशीनही गाडीत चढवायला सांगून टाकलं. हे सगळं तो परस्पर उरकत होता, कारण विक्री, दुरुस्ती आणि तक्रार या तीन खात्यांची सॉफ्टवेअरं लेकीने पहिल्यांदाच एकमेकांना जोडली होती. त्याआधी ती तिन्ही एका घरात अबोला धरलेल्या जावांसारखी नांदत होती.

ऑक्सिजनचं मशीन घरोघरी भाड्याने देणाऱ्या त्या ऑफिसने एजंटचं नाव जावई ठेवलं होतं. लेकीने आणलेला आणि सासूला अजून पसंत न पडलेला. सासू म्हणजे अर्थात आई, तक्रार विभागाची प्रमुख. तिच्या तोंडून कौतुक ऐकलेला माणूस कंपनीत शोधूनही सापडला नसता. लेक वर्गात पहिली आली तेव्हाही ती “बरं झालं” एवढंच म्हणून भांडी लावायला गेली होती. म्हणूनच मालकांनी अट घातली होती. आईने पास केलं तर आजपासून सुरू, नाहीतर बाहेरून तयार सॉफ्टवेअर घ्यायचं आणि लेकीचं काम गुंडाळून ठेवायचं.

लेक पडद्याशेजारी उभी होती. हात तिने पाठीमागे बांधले होते.

आईने दयामाया दाखवली नाही. चुकीचा पत्ता दिला, बोलता बोलता मध्येच दुसऱ्याच रुग्णाचं नाव घेतलं, भांडली, फोन आपटायची धमकी दिली. जावई बधला नाही. विक्रीप्रमुख शेजारच्याच्या कानात पुटपुटला, “सासू कच्चा खाणार याला.”

मग आई बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

“आमचे पेशंट आज सकाळी गेले. मशीन आता नकोय.”

“ऐकून वाईट वाटलं,” जावई म्हणाला. “मशीन कधी न्यायचं ते तुम्ही सवडीने कळवा. तोवर आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही.”

त्या घराला पुढे जायचे मेसेज पडद्यावर रांगेत उभे होते. फिल्टर बदलायची आठवण, वाढदिवसाच्या शुभेच्छा, करार वाढवल्यास सवलत, आमची सेवा कशी वाटली. एकेक करून ते नाहीसे झाले. पडदा कोरा झाला.

“साहेब, डेटा उडाला!” विक्रीप्रमुख खुर्चीतून उठलाच. “माझा सवलतीचा मेसेज गेला कुठे?”

मालकांनी लेकीकडे पाहिलं. “बंद पडलं का हे?”

“नाही सर,” लेक म्हणाली. “एका खात्याला कळलं की आता सगळ्यांना कळतं. त्या घरी आपल्याकडून काहीही जाणार नाही. ते स्वतः फोन करेपर्यंत.”

लेकीचे वडील याच कंपनीच्या मशीनवर शेवटचे महिने काढून गेले, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर काय झालं ते मात्र आईने कोणाला सांगितलं नव्हतं. ते गेल्याची नोंद तिने स्वतःच आपल्या विभागाच्या कम्प्युटरवर केली होती. आपल्या खात्याला कळलं म्हणजे कंपनीला कळलं, असं ती धरून चालली. अर्धं आयुष्य तिथे काढलेल्या माणसालाच शोभेल अशी चूक. पुढे कितीतरी दिवस तिच्याच कंपनीचे मेसेज तिच्या फोनवर येत राहिले. आपल्या रुग्णाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मोकळा श्वास घ्या, करार वाढवा. एका खात्याला सांगून थांबवावं तर दुसऱ्याचा यायचा. लेकीची परीक्षा तेव्हा तोंडावर होती. तिच्या नजरेला पडू नये म्हणून आई आलेला मेसेज लगेच पुसून टाकायची.

आई उठली आणि मालकांकडे वळली.

“आजच सुरू करा,” ती म्हणाली. एवढ्यावर ती थांबेल असं सगळ्यांना वाटलं. पण अभिमानाने तिचा ऊर भरून आला होता आणि तो लपवायची इतक्या वर्षांची सवय ऐनवेळी दगा देऊन गेली. “आणि नीट ऐका सगळ्यांनी. हे माझ्या मुलीने केलंय. माझ्या! बाहेरून आणलेल्या तुमच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला हे सुचलं नसतं.”

मालकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. विक्रीप्रमुखानेही वाजवल्या, जरा उशिरा. कुठे बघावं ते लेकीला कळेना.

त्या गलक्यातच आई तिच्याजवळ गेली आणि हळूच विचारलं, “पण तुला हे कळलं कसं गं? बाबांच्या वेळचे ते मेसेज तुला दिसू नयेत म्हणून मी पुसत होते.”

“मीही पुसत होते, आई,” लेक म्हणाली. “तुला दिसले ते माझ्या हातून सुटलेले.”