रुपराव रेग्युलर

"नागपुरात राजे लय होऊन गेले, पण या शहराले अक्षर दिलं ते रुपराव पेंटरनं!" मनीषनगरच्या पोह्यांच्या नव्या दुकानात पाय ठेवता ठेवता रुपरावांनी जाहीर केलं, आणि उंबरठ्याला अडखळून थेट काउंटरवर जाऊन आदळले.

"हळू, जी," त्यांच्या बायको यमुताई म्हणाल्या. "शहर कुठं पळून नाही राहिलं."

आज रुपरावांचा मान होता. नात मोनालीनं त्यांच्या अक्षराचा कम्प्युटरवर फॉन्ट केला होता आणि तो पहिल्यांदा या दुकानाच्या भिंतीवर झळकला होता. रुपरावांनी चाळीस वर्षं जरीपटका भागातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दोन वर्षांमागं हात कापायला लागला, तसे ब्रश माळ्यावर गेले. तेव्हापासून ते लिहीत ती फक्त भाजीची यादी. तीही दार लोटून.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि चेहरा पडला. 'तर्री पोहे'. शिरोरेषा चढावर लागलेली, मात्रा कललेली, 'ह' धापा टाकत बसलेला.

"हे माहं अक्षर नाही. माह्या पाट्या सूत लावून पाह्य, एक रेघ हलणार नाही!"

"पाट्यांवरून नाही केलं, आबाजी," मोनाली म्हणाली. "तुमच्या भाजीच्या याद्यांवरून केलं. आजीनं सगळ्या जपून ठेवल्या होत्या."

रुपरावांनी यमुताईंकडे पाहिलं. त्या छताचा पंखा पाहण्यात गढल्या होत्या.

"अन् कापऱ्या हाताची जाहिरात काहून करून राहिली वं, मोनाली?"

"सरळ अक्षरं कम्प्युटरमध्ये ढिगानं पडली आहेत, आबाजी. हे कोणापाशीच नाही."

दुकानाची मालकीण हिमानी प्लेटा घेऊन आली. "काका, लोक भिंतीचे फोटो काढून राहिले. विचारतात, घरच्या कोणी लिहिलं का? मी हो म्हणून देते."

मोनालीनं लॅपटॉप पुढं सरकवला. फॉन्टच्या लांबलचक यादीत, साध्या वळणाच्या फॉन्टला लावतात ते शेपूट लावून, एक नाव होतं: रुपराव रेग्युलर.

"हा माणूस रेग्युलर कधी झाला?" यमुताईंनी विचारलं.

रुपराव हसले नाहीत. हजारो नावं रंगवली, पण कोपऱ्यात आपलं नाव टाकायला गिऱ्हाइकानं कधी बोटभर जागा सोडली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला. तो परत लावायला दोनदा चुकले. मग मोनालीच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरला, तिचे केस विस्कटले. तिनं ते तसेच राहू दिले.

"लय केलं वं माय," ते म्हणाले. मग यमुताईंकडे वळले. "अन् तू त्या चिठ्ठ्या जपल्या. आज माग, काय मागाचं ते. नाही म्हणणार नाही."

यमुताईंनी तोंडातला घास संपवला.

"घरी गेल्यावर मिठाच्या अन् साखरेच्या डब्यावर नावं लिहून द्या. कम्प्युटरनं नाही, हातानं. काल पुन्हा पाहुण्यांले खारा चहा पाजला तुम्ही."