मागचं चाक

पडद्यावर निकाल झळकला आणि अख्खा वर्ग खिदळला. 'मागे' या उत्तराला जवळजवळ सगळी मतं. 'पुढे'ला एक. फक्त एक!

प्रश्न तसा साधाच होता. बाईक थांबलेली आहे, ती पुढे निघते. तेव्हा रस्त्याचं घर्षण तिच्या मागच्या चाकाला कुठे ढकलतं, पुढे की मागे?

गांगुर्डे सर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्गात शिकवतच नाहीत. शिकवण्याचा व्हिडिओ आदल्या दिवशी मोबाईलवर येतो, तो घरी बघून यायचा. वर्गात नुसते प्रश्न. मोबाईलवर उत्तर दाबायचं, मग दोन मिनिटं शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि परत दाबायचं. कोणी काय दाबलं ते सरांनासुद्धा दिसत नाही.

सनीला मात्र दिसलं. तो शेजारीच बसला होता ना!

"तेजल, ते एक मत तुझंय?" तो कुजबुजला. "बदल पटकन. घर्षण म्हणजे अडवणारच, वेडे! आणि बाईक मी चालवतो की तू?"

तेजलचा अंगठा 'मागे'वर जाऊन थबकला. कॉलेज सुरू झाल्यापासून ती वर्गात एकदाही बोलली नव्हती. इगतपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरची पोरगी ती. तोंड उघडलं की गावाकडचं बोलणं बाहेर पडणार आणि ही शहरातली, इंदिरानगरची पोरं दात काढणार, याची तिला पक्की खात्री. आत्ता नुसता अंगठा टेकवला की विषय संपला.

पण उत्तर बरोबर होतं. आणि ते तिला माहीत होतं!

तिने मोबाईल पालथा ठेवला.

"सनी, चिखलात रुतलेली जीप ढकललीस का कधी?"

"मी कशाला ढकलू?"

"मी ढकललीय. डायव्हरनं गाडी रेटली की चिखल कुठं उडतो?"

"मागे."

"मागं म्हंजी माझ्या तोंडावर! पार दातसुद्धा काळे." सनी फिसकन हसला. ती थांबली नाही. "म्हंजी चाक जमिनीला मागं ढकलतंय. मग जमीन चाकाला कुठं ढकलणार?"

सनीने बाकावर बोटाने चाक फिरवून पाहिलं. "पुढे?"

"चिखलाला पकड नाय, त्याला ते जमत नाय. म्हणून चाक जागेवर गरगरतं. डांबराला जमतं, म्हणून तुझी बाईक पळते. घर्षण अडवतंय ते चाकाच्या घसरण्याला. बाईकला नाय!"

हे शेवटचं ती चांगलंच मोठ्याने बोलली होती. पुढच्या बाकांवरची डोकी वळली.

"ए, ते चिखलाचं परत सांग ना," मागच्या बाकावरून ज्योत्स्ना ओरडली. "इकडे नीट ऐकूच नाही आलं!"

तेजलने सरांकडे पाहिलं. सरांनी नुसता हात पुढे केला, फळ्याकडे. ती उठली. खडूने हे एवढं मोठं चाक काढलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. जीप, डायव्हर, चिखल, सगळं. तिच्याच बोलीत, एकही शब्द न बदलता.

"सर," मागून कोणीतरी म्हणालं, "जरा खाली बसता का? तेजल दिसत नाहीये."

सर सनीच्या शेजारी, तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले.