शेवंतीचा अंगठा

"हात कधी दुखावला?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन दीस जाले," साईश म्हणाला.

शेवंतीने मान खाली घातली. तीन कुठले, चांगले अठरा झाले होते! पाळी गावच्या खाणीवर ट्रकातून उतरताना बहिणीच्या ह्या पोराचा पाय निसटला आणि वर दांडी धरलेल्या एका हातावर अख्खं अंग लोंबकळलं. त्याच दिवशी तो पेडण्याला तिच्याकडे आला. तेव्हापासून रोज सकाळी ती तेल लावून त्याची छाती नि दंड चोळत होती. अर्ध्या तालुक्याची हाडं बसवलेली बाई ती. "माझो हात आसताना दोतोर कित्याक?" असं तिनेच त्याला दटावून ठेवलं होतं. आजही हात वर जाईना, तेव्हा कुठे ती त्याला इथे घेऊन आली.

डॉक्टरांनी साईशच्या दोन्ही काखांपुढची वळी चिमटीत धरून पाहिली. डावीकडची जाडजूड. उजवीकडे नुसती कातडी हाताला लागली.

"छातीचा मोठा स्नायू दोरीसारख्या कंडरेने दंडाच्या हाडाला बांधलेला असतो. तो हाडापासून सुटलाय. हाडाला बारीक भोकं पाडून दोऱ्याने परत बांधावा लागेल. मग दीड महिना हात अंगाशी."

"आणि मगे? ट्रक?"

"चालवशील की. पण वेळेत बांधला तर. सुटलेलं टोक छातीकडे आखडत जातं. फार दिवस झाले की ओढूनही हाडापर्यंत पोचत नाही." त्यांनी दंडावरच्या पिवळट डागाकडे पाहिलं. "तीनच दिवस ना? डाग जुना वाटतो. कुणी चोळलंबिळलं नाही ना?"

"ना, ना. कोण चोळतलो?" साईश मावशीकडे न बघता म्हणाला.

डॉक्टरांनी केसपेपर ओढला. गोव्याचं राज्य होऊन तीन महिने झाले तरी जुने कागद संपले नव्हते. वर छापलेलं 'दमण आणि दीव' कुणीतरी पेनने खोडलेलं. "ताजं आहे तर घाई नाही. गणपतीची चवथ होऊन जाऊ दे. बारा दिवसांनी दाखल हो." त्यांनी तारीख लिहिली.

अठरा आणि वर बारा! शेवंती स्टुलावरून उठली, बसली, परत उठली. दार उघडंच होतं आणि बाहेर बाकावर गावचे दोघे नंबर लावून बसलेले. आता बोलली तर संध्याकाळपर्यंत पेडण्याच्या बाजारात तीच गोष्ट. न बोलली तर हा गाढव तिची अब्रू राखायला स्वतःचा हात घालवून बसणार.

"पेन द्या बघू," ती म्हणाली.

"मावशे, तू गप रव!"

तिने ऐकलं नाही. साईशच्या उघड्या छातीवर काखेजवळ फुली मारली. "पयल्या दिसा गाठ हंय होती." अंगठा दाबत ती आत सरकली, दुसरी फुली मारली. "आठव्या दिसा हंय. माका वाटला, सूज उतरता." तिसरी फुली आणखी आत पडली. "आज हंय आसा. अठरा दीस जाले, दोतोर. मीच चोळलंय. रोज."

डॉक्टरांनी तिसऱ्या फुलीवर बोट दाबलं. साईश कळवळला. बोट न उचलता त्यांनी पहिल्या फुलीपर्यंतचं अंतर पाहिलं, मग कागदावरची तारीख खोडली.

"उद्या सकाळी. रात्रीपासून काही खायचं नाही."

"पोचतला?" शेवंतीने विचारलं.

"ओढून बघतो. आज कळलं, बरं झालं." ते तिच्याकडे वळले तेव्हा आवाज चढलेला होता. "आजवर असे किती चोळलेत, मावशी?"

हा पहिलाच, असं ती म्हणणारच होती. तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर साईशच्या छातीवरच्या तीन फुल्यांवर गेली.

"दोन," ती म्हणाली. "ह्यो, आणि आमच्या वाड्यावरचो नारायण. माडार चढायचो. एकदा वरसून निसटलो, एका हातान लोंबलो. माज्या तेलान दुखाचा थांबला, पण परत माडार चढलो नाय. सगळो गाव म्हणता, आळशी जालो." तिने पेन टेबलावर ठेवलं. "पयलां मीच म्हटलंय."