बावीस फूट सात इंच

लहानपणी मी कोपरहून ठाण्याला शाळेत जायचो तो खाडीतल्या माशाच्या पाठीवर बसून. पहिलीत असताना नातीनं हे आ वासून ऐकलं होतं. आता ती तिसरीत गेलीये. काल फूटपट्टी घेऊनच समोर बसली. "आजोबा, मासा किती लांब?" "वीस फूट." "दप्तर भिजायचं नाही?" "दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचो." "मग मासा कशानं धरायचात?" "अगं, गोष्ट ऐकायची सोडून उलटतपासणी कसली घेतेस?" "म्हणजे थापच!" ती पट्टी घेऊन खेळायला पळाली. माझी एकुलती एक श्रोती शाळेनं पळवली! चरफडत गॅलरीत आलो, तर खाली पहिलीतल्या पोरी घोळका करून बसलेल्या, मध्ये ही. "मासा बावीस फूट सात इंच. मी पाठीवर बसून मोजलाय," पट्टी नाचवत ती म्हणाली. "आणि तुझे आजोबा?" "ते घाबरट. काठावर माझ्या चपला सांभाळत होते."