वळसा

गरजूंना बिनव्याजी हप्त्यांवर पक्कं घर देणारी संस्था आज वर्नाचं घर बघायला येणार होती, म्हणून तिच्या आईने त्या राहत होत्या तो जुनाट ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, घासूनपुसून लख्ख केला. गळक्या छताखालची बादली शेजाऱ्यांकडे गेली, बुरशीवर रंग चढला आणि सिंकपुढे नवाकोरा गालिचा आला.

"आई, आपल्याला घर का हवंय तेच बघायला येतायत ते. आहे तसं दिसू दे ना."

"घरात माणसं येणार आणि मी त्यांना लक्तरं दाखवू? माझ्याच्याने नाही व्हायचं."

संस्थेची ग्लेनिस आली, सगळीकडे फिरली. "छान ठेवलंय हो घर," म्हणाली आणि तिने काही न लिहिताच पेन पर्समध्ये टाकलं. गरज दिसली नाही तर घर गेलंच. वर्ना तोंड उघडणार, तोच आईने डोळे वटारले आणि गालिच्याला वळसा घालून कॉफी आणून दिली. मागोमाग वर्नाही तसाच वळसा घालून केक घेऊन आली.

कॉफी संपवून ग्लेनिस कप ठेवायला सिंककडे निघाली. गालिच्यापाशी तीही वळली. मग तिने पर्समधून पेन परत काढलं.

"आमच्या ट्रेलरचं जमिनीचं लाकूड बाथरूमच्या दारात कुजलं होतं, पाय ठेवला की खचायचं," ती आईला हळूच म्हणाली. "संस्थेने घर दिलं, त्याला सहा वर्षं झाली. अजून मी त्या नव्या घरातही बाथरूमच्या दारात वळसा घालूनच आत जाते."