खांद्यावरचे पट्टे

१९७४ साली वीरभद्रप्पांनी घरामागच्या शेडमध्ये एकच माणूस बसेल एवढं विमान बांधलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, महानंदाबाईंनी एकच अट घातली.

"नुसत्या कमरेच्या पट्ट्यानं भागायचं न्हाय. विमान आदळलं तर तुमचं डोकं समोरच्या मीटरवर आपटंल. खांद्यावरनं पट्टे येईपत्तोर उडायचं न्हाय."

टांग्याचं सामान शिवणाऱ्या कासीमभाईंनी दुहेरी शिवणीचे पट्टे करून दिले. ज्वारीचं भरलेलं पोतं टांगूनही ते उसवले नाहीत, तेव्हा कुठे महानंदाबाईंचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी गावाबाहेरच्या माळावर पूजा झाली, नारळ फुटला आणि वीरभद्रप्पा आत जाऊन बसले. महानंदाबाईंनी जवळ जाऊन पाहिलं, तर त्यांचे खांदे मोकळेच होते.

"अहो, पट्टे कुटं हायेत?"

वीरभद्रप्पांनी पाठीमागे बोट दाखवलं. तिथे सिद्धेश्वराची काचेची तसबीर दोन्ही पट्ट्यांनी घट्ट आवळलेली होती.

"तशीच ठेवली तर हादऱ्यानं पडंल की," ते म्हणाले.

"आन् तुमी?"

"मला सांभाळायला देव हाय की."