नागपुरातच बढती

मिनल वरिष्ठ लिपिक झाली, वरची वेतनश्रेणी लागली, आणि मुख्य म्हणजे गडचिरोलीला जावं न लागता नागपुरातच खुर्ची मिळाली. त्यासाठी तिने विनंती अर्जात लिहिलं होतं, 'सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांचं करणारं दुसरं कोणी नाही.' ओळखीच्या डॉक्टरचा दाखला जोडला आणि घरात कोणाला काही न सांगता ती मोकळी झाली.

रविवारी सकाळी तिचे नवे साहेब संत्र्यांची पिशवी घेऊन, न कळवताच नंदनवन कॉलनीतल्या तिच्या घरी आले. तिच्या सासूबाई, प्रयागबाई, पदर खोचून अंगणात भिवापूरच्या मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मिरच्यांचं पोतं त्यांनी नुकतंच गच्चीवरून एकटीने खाली आणलं होतं.

"तुमच्या सासूबाईंना पाहायला आलो," फाटकाशी आलेल्या मिनलला साहेब म्हणाले. "तुमचा अर्ज वाचला अन् आईची आठवण आली. तीन वर्षं ती अशीच पडून होती. कशा आहेत आता?"

प्रयागबाईंनी एकदा साहेबांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग लुगड्याला हात पुसत त्या उठल्या.

"मी इथली कामवाली, साहेब. म्हातारीचा आत्ताच डोळा लागला, तिले उठवू नका," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळून त्यांनी अदबीने विचारलं, "मॅडम, चाय मांडू का?"